या नावाचं इथं कोणी नाही

वनमाला गेली त्याला सतरा दिवस झाले होते. त्या सकाळी नरहरी लांजेवारला कळलं, की घरातून आणखी एक गोष्ट गेली आहे, आणि ही तर त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवली आहे.

मंजिरीनं त्याच्यापुढे बासीचा गंज ठेवला. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर चिरलेला कांदा आणि मीठ. उन्हाळा लागला की रायपूरच्या बीरगांवात सकाळी घरोघर हेच. तिच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता.

"बाबा, सात तारखेला डाकवाला आला होता का?"

"कोणता डाकवाला?"

"नागपूरवरून रजिस्टर लिफाफा येणार होता. मी रोज वाट पाहून राहिली. आज नंबर टाकून पाहिला तर इथं लिहिलंय, सात तारीख, दुपारी बारा चाळीस. इस नाम का कोई नहीं. वापस."

नरहरीनं उचललेला घास गंजात सोडला. "मले काय माहीत? त्या दिवशी अस्थी घेऊन आलो आमी. घरात पन्नास लोक होते."

"त्यात माझी मार्कशीट होती. ओरिजिनल."

एवढं बोलून ती मोरीकडे गेली. मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.

मार्कशीट लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याची होती. नागपूरला मामाकडे राहून तिनं तो कोर्स केला, तेव्हा कागदावर नाव होतं सुशील नरहरी लांजेवार. तेच नाव बारशाला ठेवलेलं, शाळेत लिहिलेलं. दीड वर्षापूर्वी तिनं अर्ज केला. जन्माच्या वेळी मुलगा लिहिलं ते माझं खरं नाही, मी मंजिरी आहे, असं शपथेवर लिहून दिलं. त्याला डॉक्टर लागत नाही, बापाची सही लागत नाही, आपलं आपण सांगायचं असतं, हे वनमालानं पोळ्या लाटता लाटता नरहरीला सांगितलं होतं. तो ताटावरून उठून बाहेर गेला होता. मग दाखला आला, ओळखपत्र आलं, गॅझेटात नाव आलं, आधार कार्ड बदललं. दर कागदापाठी वनमाला पोरीबरोबर गेली. एका प्लास्टिकच्या निळ्या फायलीत एकामागं एक लावत गेली. नाव बदलल्याची जाहिरात पेपरात आली त्या दिवशी घरी पेपरच आला नाही. नरहरीला वाटलं, पेपरवाल्यानं दांडी मारली.

मार्कशीट सगळ्यात शेवटी राहिली होती. जुनी जमा केली तरच नवी मिळणार होती. जुनी जमा झाली, नवी निघाली, आणि आता हातात दोन्ही नव्हत्या. पाच मेला रायपूरच्याच शंकर नगरातल्या एका मोठ्या दवाखान्यात कागद दाखवायचे होते. मुलाखत झाली होती, निवड झाली होती. ओरिजिनल नसलं की पुढच्या नंबरवाल्याला बोलावतात.

नरहरीला सात तारीख चांगली आठवत होती. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. समोरच्या घरचा पांडुरंग, रेल्वेतून रिटायर झालेला, पाऱ्यातल्या, म्हणजे आळीतल्या, सगळ्या बातम्या ज्याच्या खाटेवरून जायच्या, तो अगदी शेजारी. तो मघापासून एकच विचारत होता, की जवान मुलगा घरात असताना अग्नी तू काहून दिला? "त्याची तब्येत बरी नाही," असं नरहरी तिसऱ्यांदा सांगत होता. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. हेल्मेट घातलेला नवा डाकवाला दारातूनच ओरडला, "मंजिरी लांजेवार?"

पांडुरंगानं मान वळवली. "कोण मंजिरी?"

नरहरी उठून दारात गेला. लिफाफा त्यानं पाहिला. मंजिरी नरहरी लांजेवार, आणि खाली, द्वारा नरहरी लांजेवार. त्याचं नाव त्या कागदावर दोनदा होतं.

"इस नाम का यहाँ कोई नहीं," तो म्हणाला.

"पक्का ना, काका?"

"एक बार बोला ना."

डाकवाल्यानं गाडीच्या सीटवर लिफाफा ठेवून लाल पेनानं काही लिहिलं आणि तो गेला. नरहरी परत सतरंजीवर येऊन बसला. त्या वेळी मंजिरी मागच्या बाजूला पन्नास माणसांचे कप धूत होती.

*

दुपारी दोघं पोस्टात गेले. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. मंजिरीनं ओढणी डोक्यावरून घेतली होती. वनमाला असताना ती ओढणी पिशवीत असायची आणि पारा ओलांडल्यावर खांद्यावर यायची. आई गेली तेव्हापासून ती ओढणी घरातूनच घेऊन निघायची. नरहरीनं हे पाहिलं होतं.

डाकवाला आतच होता, थैली लावत. डोमन साहू त्याचं नाव. मंजिरीनं नंबर दाखवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग नरहरीकडे, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे काका! आप ही ने तो बोला था, इस नाम का कोई नहीं. मैं दो बार पूछा, आप चिढ़ गये."

खिडकीत रांगेला उभ्या दोन बाया वळून पाहायला लागल्या. नरहरीचं मुंडण केलेलं डोकं घामानं चमकत होतं, त्यावरून त्यानं हात फिरवला.

"गमी का घर था," तो म्हणाला. "ध्यान नहीं रहा."

"अब तो नागपूर पहुँच गया होगा. वहीं पूछिये, दीदी."

येताना मंजिरी पाच पावलं पुढं चालत होती. नाल्याच्या पुलावर ती थांबली. मागं न पाहता तिनं विचारलं, "आईनं तुमाले सांगतलं नोयतं का?"

नरहरीला आणखी एक खोटं सुचलं होतं. ते त्याच्या तोंडातून निघालं नाही.

"सांगतलं होतं."

दवाखान्यात, जायच्या दोन दिवस आधी, वनमालानं नाकावरचा मास्क हातानं बाजूला केला होता. किडन्या गेल्यानं तिचे पाय घागरीसारखे सुजले होते. ती म्हणाली होती, "नागपूरहून लिफाफा येईन. मी नसली तर तुमी घ्याजा. काही पुसू नका, फक्त घ्याजा." त्यानं मान हलवली होती. मास्क परत लावून दिला होता.

मंजिरी पुलावरून पुढं निघाली.

*

कॉलेजच्या बाबूला फोन लागायला दोन दिवस गेले. लिफाफा परत आला होता. पण तो म्हणाला, पत्त्यावर कोणी नाही असा शेरा आला आहे, ज्यांच्या द्वारा पाठवला त्यांनी लिहून द्यावं, मग परत पाठवतो.

मंजिरीनं कोरा कागद, पेन आणि खाली धरायला पाट आणून दिला. नरहरी भिंतीला टेकून बसला.

नावं लिहिणं हाच त्याचा धंदा. लांजेवार मूळचे भंडाऱ्याचे, पितळेच्या भांड्यांच्या गावचे. त्याचा बाप छिन्नी-हातोडीनं भांड्यांवर टिंबटिंब ठोकून नावं घालायचा. रायपूरला येऊन नरहरीनं तेच केलं, आता विजेच्या मशीननं. बीरगांवच्या बाजारात यज्ञेश्वरशेटच्या भांड्यांच्या दुकानात छत्तीस वर्षं तो पायरीवर बसून नावं घालत होता. चि. अमुक यास, सौ. तमुक हीस, तारीख, कोणाकडून. शेजारच्या उरला गावच्या कारखान्यांत काम करणारी माणसं लग्नाची भांडी इथंच घ्यायची. मशीन थरथरतं, त्यानं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. गरम कप धरला तरी त्या बोटांना कळायचं नाही.

त्यानं लिहिलं. मी, नरहरी गोविंदराव लांजेवार, राहणार बीरगांव, लिहून देतो की मंजिरी ही माझी

आणि थांबला.

कूलरमध्ये पाणी संपून नुसता गरम वारा येत होता. कागदावर कारखान्याच्या काळ्या धुळीचे दोन कण पडले, ते त्यानं फुंकले. एक गेला, एक तिथंच चिकटला.

मंजिरी चौकटीत उभी होती. पुष्कळ वेळानं ती म्हणाली, "अपत्य लिहा. अपत्य चालते."

त्यानं अपत्य लिहिलं. सही केली. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि कागद निळ्या फायलीत ठेवला. ठेवताना तिचा हात फायलीवर जरा थांबला, वनमालाचा थांबायचा तसा.

*

सत्तावीस एप्रिलला लिफाफा नागपूरहून दुसऱ्यांदा निघाला. नरहरीनं यज्ञेश्वरशेटला सांगितलं, मी काही दिवस घरूनच नावं घालतो.

"भर लगीनसराईत?" यज्ञेश्वरशेट म्हणाला. "गिऱ्हाईक काय तुझ्या घरी येईल? नरहरी, बायको गेली, मी समजतो. पण महिना होऊन राहिला."

"डाक यायची आहे एक."

"कायची?"

"पोराच्या... घरची डाक आहे."

शेटनं दोन पोती भांडी पाठवून दिली. नरहरी रोज सकाळी ओट्यावर फळकूट टाकून बसायला लागला. बल्बच्या बोर्डातून मशीनला वायर ओढली. समोर पांडुरंगाची खाट. दिवसभर मशीनचा आवाज पाऱ्यात. ग्लास मांडीत धरायचा, डाव्या हातानं फिरवायचा, उजव्यानं अक्षर उतरवायचं, फडक्यानं पुसायचं. दर दहा मिनिटांनी मान वर करून गल्लीच्या तोंडाकडे पाहायचं. मोटारसायकल वाजली की मशीन बंद. बहुतेक वेळा दूधवाला असायचा, नाहीतर कुरिअरवाला, तो पुढं निघून जायचा.

"वर्क फ्रॉम होम का, नरहरी?" पांडुरंग विचारायचा.

"हव."

"पोट्टा दिसत नाही हल्ली. एक पोट्टी दिसते जाता येता. कोण आहे? साळ्याची आहे का?"

नरहरी मशीन सुरू करायचा. त्या आवाजात उत्तर द्यावं लागत नसे.

मंजिरी पंडरीच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. संध्याकाळी येऊन ती पहिलं ओट्याकडे पाहायची. तो मान हलवायचा, नाही. ती आत जायची. त्यांचं त्या दिवसांतलं बोलणं एवढंच.

दोन तारखेला तो मोठं पातेलं शोधायला वरच्या फळीवर चढला. फळीवर वनमालाच्या बारीक सारीक गोष्टी कागदात गुंडाळून ठेवलेल्या. जुन्या साडीत बांधलेला एक स्टीलचा डबा निघाला, कोरा, वापरलेला नाही. झाकणावर नाव होतं. चि. मंजिरी. खाली मागच्या वर्षीची तारीख. नरहरीनं डबा उजेडात धरला. नाव घालणारा हात पंडरीतला होता. त्या बाजारात एक म्हातारा बसतो, तो मात्रा अशी मागं ओढतो.

त्याला आठवलं. वनमालानं मागच्या वर्षी विचारलं होतं, "एका डब्यावर नाव टाकून देता का?" कोणतं, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला होता, "मशीन बिघडलंय." मशीन समोरच पडलं होतं. ती बरं म्हणाली आणि पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

त्यानं डबा होता तसा बांधून ठेवला. पातेलं घेऊन तो खाली उतरला.

*

चार तारखेपर्यंत लिफाफा आला नाही. मोबाइलवर दिसत होतं, रायपूरला पोचला आहे. पाच तारखेला सकाळी नऊला मंजिरी निळी फाईल घेऊन निघाली. तिनं पांढरी कुर्ती घातली होती, केस आवळून बांधले होते. दोनदा चप्पल बदलली.

"झेरॉक्स दाखवते. टाइम मागते," ती म्हणाली. "दे दिया तो ठीक, नहीं तो..." पुढचं तिनं सोडून दिलं.

ती गेली आणि अर्ध्या तासात दुर्गहून नरहरीची मोठी बहीण कुसुम आली. न सांगता. हातात पिशवी, पिशवीत आंबे. नरहरीनं गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. ताईसमोर लिफाफा आला तर काय सांगायचं? बारशाला नाव ठेवते ती आत्या. सुशील हे नाव हिनंच चोवीस वर्षांपूर्वी पाळण्यात वाकून कानात सांगितलं होतं. तिला हे कळलं तर तीच आपल्या घरात पाय ठेवणार नाही, असं त्याला दीड वर्ष वाटत होतं. महिना झाला, तो तिचा फोनही टाळत होता.

"ताई, तू आत बस. कूलर आहे."

"तू काहून ओट्यावर मरून राहिला उनात?"

"काम आहे."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. ती कुठंही गेली की पहिलं स्वयंपाकघर धुवून काढायची.

सव्वाबाराला मोटारसायकल थांबली. डोमन होता. पिशवीतून त्यानं लिफाफा काढला. तोच, फक्त वर नवी चिठ्ठी चिकटवलेली. जुन्या चिठ्ठीची कड खालून दिसत होती, आणि तिच्यावरचं लाल पेनाचं लिहिणं.

"मंजिरी लांजेवार कहाँ है?"

"नौकरी का काम से गयी है. मेरे को दो."

डोमननं लिफाफा छातीशी धरला. "काका, उस दिन आप बोले, कोई नहीं. अब आप बोलते हैं, मेरे को दो. रिकॉर्ड में आप ही के घर का लिखा है. गलत आदमी को दे दिया तो मेरी नौकरी जायेगी. कुछ कागज दिखाइये, उनके नाम का."

नरहरी घरात धावला. सगळे कागद निळ्या फायलीत, फाईल शंकर नगरला. त्यानं मंजिरीला फोन लावला. बंद. आत जाताना मोबाइल जमा करून घेतात, हे तिनं रात्री सांगितलं होतं. देवघराच्या खणात रेशन कार्ड होतं, तेच घेऊन तो बाहेर आला. पहिल्या पानावर वनमालाचा फोटो. खाली तीन नावं. वनमाला, नरहरी, सुशील.

डोमननं बोट फिरवलं. "इसमें मंजिरी कहाँ है?"

पांडुरंग खाटेवर उठून बसला होता.

नरहरी पुन्हा आत गेला. फळीवरून साडीचं गाठोडं ओढलं, डबा काढला, तो घेऊन बाहेर आला. डोमननं झाकणावरचं नाव वाचलं आणि हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "काका, डब्बा आधार कार्ड थोड़ी है."

"उस दिन मैं झूठ बोला," नरहरी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "इधर ही रहती है. पहले से रहती है."

"आपकी कौन है?"

मशीन बंद होतं. पाठीमागं चौकटीत ताई येऊन उभी राहिली, हे त्याला न पाहता कळलं. भांड्यांच्या राखेचं पाणी तिच्या हातांवरून ओट्यावर ठिबकत होतं.

"बेटी है," तो म्हणाला. "मेरी बेटी है."

"अरे नरहरी!" पांडुरंग खाटेवरून ओरडला. "बेटी कोणती? तुले तर एक पोट्टा ना?"

नरहरीनं डोळे मिटले. आणि मागून कुसुमताई बोलली. त्याच्याशी नाही, डोमनशी.

"हव भैया, इसी की बेटी है. मैं बुआ लगती. नाम मैंने रखा है. मेरा आधार देख और मेरी सही ले." मग तिनं मान उचलली. "आणि पांडुरंग भाऊ, तुमाले माहीत नसन तर घरात बायकोले विचारा, सत्यभामेले. तिनं घुगऱ्या खाल्ल्या आहेत."

पांडुरंगाच्या दारातला पडदा हलला आणि स्थिर झाला.

डोमननं आधार पाहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या, सहीपुढं नातं लिहायला लावलं. नरहरीनं लिहिलं, पिता. लिफाफा त्याच्या हातात आला. गरम होता, पिशवीतल्या उन्हानं. ते त्या दोन बोटांना कळलं नाही, बाकीच्यांना कळलं.

"कायच्या घुगऱ्या?" त्यानं ताईला विचारलं.

"बारशाच्या. मागच्या साली, माघात. दुर्गले, माह्या घरी. वनमाला घेऊन आली होती पोरीले. इथून सत्यभामा, तिथल्या दोघी शेजारणी. पाळण्यात काही मावत नोयती, एवढी घोडी. पाटावर बसवली, गूळ दिला तोंडात, कानात नाव सांगतलं. पहिलं मीच ठेवलं होतं ना? चुकलं असन तर मलेच बदलावं लागन. हा डबा मी दिला. पंडरीतून नाव टाकून आणलं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुलेच तर पहिलं विचारलं तिनं. तुहं मशीन बिघडलं होतं." कुसुमनं पदरानं हात पुसले. "आता माह्या तोंडाकडे काय पाहून राहिला? मले यातलं सगळं समजते असं नाही. रात्री झोप नाही येत कधी कधी. पण पोरीनं फोनवर सांगतलं मले सगळं. दारातून कागद परत गेला दुसऱ्यांदा, तर वनमाला मले मेल्यावरही सोडणार नाही. जाय. किती वाजेपर्यंत आहे ते?"

चार वाजेपर्यंत होतं. बीरगांवातून शंकर नगर म्हणजे दोन ऑटो बदलायचे. नरहरी चप्पल शोधत होता, तेवढ्यात समोर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. पांडुरंग लुंगीवरच पँट चढवून आला होता. मागं सत्यभामा दारात उभी होती.

"बस," पांडुरंग म्हणाला. "ऑटोनं गेला तर चार वाजून जाईन."

रस्त्यात पांडुरंग एकदाच बोलला, पंडरीच्या सिग्नलला. मागं न वळता म्हणाला, "मले सांगायचं ना बे आधी. मी काय कोणाले सांगितलं असतं?" नरहरीला हसू आलं असतं. पण त्याची दोन्ही हातांची मूठ लिफाफ्यावर होती आणि डोळ्यांत धूळ गेली होती.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला ऑफिसचं दार होतं. गार्डनं हात आडवा केला. "किससे मिलना है?"

"मंजिरी लांजेवार. कागद दिखाने आयी है."

गार्डनं वहीत पाहिलं. बोटानं एक ओळ, दुसरी ओळ. नरहरी त्या बोटाकडे पाहत राहिला. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. "है. अंदर बैठी है."

व्हरांड्यात बाकावर ती शेवटची होती. तिचा नंबर येऊन गेला होता, साहेबानं चारपर्यंत थांबा म्हटलं होतं, मग पुढच्या नावाला बोलावणार होते. पुढचं नाव शेजारीच बसलं होतं, एक मुलगा, हातात सगळे कागद नीट लावलेले. मंजिरीनं बापाला पाहिलं आणि उठून उभी राहिली. त्यानं लिफाफा पुढं केला.

"आत्या आली आहे," तो म्हणाला. "आंबे आणले आहेत."

तिनं लिफाफा कडेनं जपून फाडला. आत जाड कागद. त्यावर तिचं नाव, त्याचं नाव, मार्क. तिनं तो दोनदा वाचला. मग रिकाम्या लिफाफ्याकडे पाहिलं. नवी चिठ्ठी एका कोपऱ्यात सुटली होती, खाली लाल पेनानं लिहिलेलं पूर्ण दिसत होतं. तिनं ते वाचलं. नरहरीनं तिला वाचताना पाहिलं. तिनं लिफाफा फेकला नाही. घडी घालून फायलीत सगळ्यात मागं ठेवला, आणि आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा हातात पावती होती. कागद बरोबर आहेत, यादी पंधरा दिवसांनी.

"कुछ बोले क्या?" पांडुरंगानं गेटवर विचारलं.

"नहीं, चाचा. बोले, ठीक है."

*

यादी लागली. मंजिरी जूनपासून सकाळच्या पाळीला जाते. नरहरी परत दुकानाच्या पायरीवर बसतो. कुसुमचा डबा आता फळीवर नाही, त्यात मंजिरी दुपारची पोळीभाजी नेते. झाकण जरा घट्ट बसतं.

तिचा राग गेलेला नाही. पुलावर विचारलं त्यानंतर तिनं त्या दिवसाचं नाव काढलेलं नाही, आणि नरहरीनंही माफी मागितलेली नाही. शब्द कोणते ते त्याला ठरवता येत नाही.

रेशन कार्डाचं काम राहिलं आहे. इकडे कार्डावर पहिलं नाव घरातल्या मोठ्या बाईचं असतं, फोटोही तिचाच. वनमालाचं नाव कमी केलं की ती जागा मंजिरीची होईल. मृत्यूचा दाखला आणि मंजिरीचे कागद, दोन्ही एकाच खिडकीवर, एकाच अर्जावर द्यायचे आहेत. नरहरी दोनदा त्या खिडकीपर्यंत जाऊन आला. अर्ज भरलेला आहे. नात्याच्या रकान्यात त्यानं मुलगी लिहिलं आहे. अर्ज अजून दिलेला नाही.